फोटोत आजी काळी का आली

आधारकार्डावरचा सोडला तर आमच्या घरात आजीचा एकच फोटो आहे. १९६८ सालचा, जुन्नरच्या एका स्टुडिओतला. मागचा शिक्का वाळवीनं खाल्ला. साल तेवढं आज्यानं शाईच्या पेनानं घातलंय म्हणून वाचलं. आजा खुर्चीवर बसलाय. पांढराफेक शर्ट, खिशाला पेन, मनगटातलं घड्याळ दिसावं म्हणून हात मांडीवर मुद्दाम पुढं घेतलेला. मुंबईचा गिरणी कामगार, लोकांना कळायला पाहिजे. आजी मागं उभी, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. तिच्या मागं रंगवलेला पडदा. पडद्यावर तळं, तळ्यात बदकं, पलीकडं साहेबाचा बंगला. बदकं अंधूक का होईना, पांढरी म्हणून ओळखू येतात. आजीचं तोंड ओळखू येत नाही. पदराखाली एक काळा डाग.

गेल्या वर्षी आजी गेली. जलदान विधीला भिंतीवर फोटो पाहिजे. आत्या म्हणाली, "कार्डावरला नको. कार्डावर आई पोलिसठाण्यात बसवल्यासारखी दिसती." मोबाइल आल्यावर आम्ही पोरं मागं लागायचो, तर आजी तोंड फिरवायची. "एकदा काढला तेवढा बास." तेव्हा हाच फोटो घेऊन मी नारायणगावच्या एका दुकानात गेलो. काँप्युटरवरचं पोरगं म्हणालं, "आजोबा कापून टाकतो, आजी मोठी करतो. उजळ करून देतो, एकदम गोरी." मी म्हटलं थांब. फोटो खिशात घातला नि एष्टीत बसलो.

मी दहावी नापास. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे, पाळी सुटल्यावर वाचतो, कविता लिहितो. इतिहास म्हटलं की आमच्या भागात शिवनेरीकडं बोट दाखवतात. शिवनेरी आहेच. पण माझ्या आजीच्या तोंडावर उजेड का पडला नाही, ह्यालाही इतिहास आहे. तो कुणी लिहिला नाही म्हणून मी माझ्या परीनं लिहितोय. चुकलं तर शिकलेल्या मित्रांनी सांगावं, पण आधी शेवटपर्यंत वाचावं.

आजी त्या दिवसाची गोष्ट सांगायची. आजा सुट्टीवर आलेला. दोघं घोडेगावाहून एष्टीनं जुन्नरला गेली. स्टुडिओत आधी एक सावकाराचं कुटुंब होतं. फोटोवाला त्यांच्यात फिरत होता. ह्याची हनुवटी बोटानं वर कर, तिचा पदर मागं सार, पोराचं डोकं धरून सरळ कर. मग आमची पाळी आली. आडनाव विचारलं, गाव विचारलं, गावात कुठं राहता तेही विचारलं. अन् मग तो कॅमेऱ्यापासून हलला नाही. तिथूनच म्हणाला, "बाई, थोडं उजवीकडं. तसं नाही. बरं, राहू द्या." आजी हे सांगून हसायची. तिला त्यात विशेष वाटायचं नाही. पाणी वरून ओतलेलं प्यायची सवय होती, फोटो लांबून काढला तर काय मोठं.

मला मात्र ते "राहू द्या" सोडत नव्हतं. त्यात नेमकं काय राहून गेलं?

मंचरला एक म्हातारे फोटोग्राफर भेटले. त्यांनी दुकान कधीच बंद केलंय, पण लाकडी कॅमेरा माळ्यावर ठेवलेला. त्यांनी तो खाली काढला, काळं फडकं डोक्यावर घेतलं आणि मलाही आत घेतलं. मागच्या घासलेल्या काचेवर मी उलटा दिसणारा दरवाजा पहिल्यांदा बघितला. त्यांना आजीचा फोटो दिला. त्यांनी भिंग लावून बघितला, बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोन दिवे होते. मोठा डावीकडं, आजोबांच्या अंगावर. दुसरा पडद्यावर टाकलाय. बाईच्या वाट्याला दिवाच नाही. वरून पदराची सावली." मी विचारलं, "अन् धुरकट का?" तर त्यांनी मला जमिनीवर खडूनं रेघा मारून समजावलं.

ते सगळं इथं देतो, कारण आपल्यातल्या कुणी हे कुठं लिहिलेलं मी वाचलं नाही.

हाफ प्लेटचा कॅमेरा, आठ इंची भिंग, समोर आठ-नऊ फुटांवर माणूस. भिंगाचं तोंड पूर्ण उघडं ठेवलं, म्हणजे ४.५ च्या आकड्यावर, तर चोख दिसणारी जागा किती? एक वीत. त्या वितीच्या पुढचं-मागचं सगळं विरघळत जातं. वीत कुणाच्या तोंडावर ठेवायची हे फोटोवाला ठरवतो. त्यानं ती आज्याच्या तोंडावर ठेवली. आजी खुर्चीच्या मागं, वितीच्या बाहेर.

भिंगाचं तोंड बारीक केलं की जागा वाढते. ८ च्या आकड्यावर आणलं असतं तर जवळजवळ हातभर झाली असती, म्हणजे आजी आत आली असती. पण तोंड बारीक केलं की उजेड कमी जातो. सव्वातीनपट उजेड लागतो, नाहीतर तेवढा वेळ. अर्ध्या सेकंदाचं काम दीड-पावणेदोन सेकंदांवर जातं. म्हणजे "हलू नका" म्हणून एक सेकंद जास्त थांबवायचं. किंवा तेही नको, दोघांना एका ओळीत बसवायचं. खुर्च्या दोन होत्या, सावकाराच्या फोटोला दोन्ही लागल्या होत्या. किंवा दिवा हातभर मागं ओढायचा, की आजीवरही पडेल. किंवा नुसता पदर दोन बोटं मागं सारायचा.

काकांनी शेवटी जे सांगितलं ते ऐकून मी गप्प झालो. निगेटिव्हमध्ये आजीचा चेहरा थोडा का होईना असणारच, असं ते म्हणाले. कागदावर छापताना तेवढ्या जागेवर दोनतीन सेकंद हाताची सावली धरतात. खेळ उलटा असतो. कागदावर जिथं सावली पडते तिथं चेहरा उजळ येतो. प्रत्येक फोटोवाल्याला हे येतं. पेशवाईत पुण्यात आमच्या सावलीचा विटाळ होता म्हणून आमच्या माणसांना सकाळ-संध्याकाळ शहरात येऊ देत नव्हते. इथं त्याच्या हाताची दोन सेकंदांची सावली आजीवर पडायला पाहिजे होती, तीही पडली नाही. त्यानं फोटो छापला शर्टासाठी. शर्टाच्या घड्यासुद्धा मोजता येतात.

आता कुणी म्हणेल, कशावरून जातीमुळं? घाई असेल, बाई म्हणून मागं ठेवली असेल. असेल ना. पुरुष पुढं बाई मागं ही रीत सावकाराच्या घरातही होती अन् आमच्याही. माझा आजा तिला "तू बस, मी उभा राहतो" म्हणाला नाही, हेही मी लिहून ठेवतो. पण हनुवटीला बोट लावायचं सोडलं ते जातीनंच. अन् स्टुडिओचं सगळं काम त्या बोटावर चालतं. पदर, मान, खांदा बोटानं सरकवल्याशिवाय उजेड तोंडावर येत नाही.

आज्याला हे नवीन नव्हतं. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात आमच्या माणसांना घेत नसत. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचं सूत तोंडानं ओढून धोट्याच्या भोकातून काढावं लागायचं, आणि त्या सुताला आमची थुंकी लागायला नको. पैसा विणाईत जास्त होता. १९२८-२९ च्या संपांच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. माझा आजा शेवटपर्यंत रिंग खात्यातच राहिला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात तोही गावी आला तो कायमचा. मीही रिंगवरच आहे. ते असो.

फोटोची कला आपल्या भागात आली कशी ते बघू. १८३९ साली पॅरिसमध्ये ती जाहीर झाली. पंधरा वर्षांत, १८५४ ला, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि १८५५ ला एल्फिन्स्टनमध्ये शिकवायचा वर्ग. साहेब होते, तसे आपले शिकलेले उच्चवर्णीयही होते. भाऊ दाजींचे भाऊ नारायण दाजी त्यात होते, हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर मुंबईत स्टुडिओच काढला. तेव्हा वीज नव्हती. छपराला काच लावायची, उत्तरेकडून येणारा उजेड घ्यायचा, कारण उत्तरेला ऊन थेट येत नाही, उजेड मऊ राहतो. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा. हे पैसेवाल्या गिऱ्हाइकाचं. त्याच्या चेहऱ्याला एका बाजूनं उजेड, दुसऱ्या बाजूला हलकी सावली, म्हणजे नाक उठतं, गाल भरतो, माणूस विचार करतोय असं वाटतं. फोकस डोळ्यावर. मागचं सगळं धूसर, म्हणजे बघणाऱ्याची नजर माणसावरच राहते.

गरीब माणसाचा फोटो त्याच काळात काढला गेला, पण वेगळ्या रीतीनं. विल्यम जॉन्सन नावाच्या साहेबानं मुंबईतल्या जातीजमातींचे दोन ग्रंथ लंडनला छापले, १८६३ आणि १८६६ ला. माणसांचे फोटो वेगळे काढले, आकृती कापली आणि दुसऱ्याच देखाव्यावर चिकटवली. नारायणगावचं पोरगं माझ्या आज्याला कापायला निघालं होतं, ते काम इतकं जुनं आहे. पुढं १८६८ ते १८७५ मध्ये सरकारनं 'द पीपल ऑफ इंडिया' काढलं, आठ खंड, साडेचारशेवर फोटो. बहुतेक फोटोंखाली जातीचं, जमातीचं नाव. असल्या फोटोंत उजेड समोरून सपाट, पायापासून डोक्यापर्यंत सगळं चोख. कारण बघायचा होता तो नमुना: कपडा, दागिना, नाक, कातडी. सावली पडली तर नमुना झाकतो. नंतर रिस्लेसाहेबाच्या काळात तर पट्टी लावून नाकं मोजली. तेव्हा हात लावायला कुणाची हरकत नव्हती, हे ध्यानात घ्या.

आपल्या जुन्नरच्या डोंगरात दोनशेवर लेणी आहेत. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरीच्या पोटातली. बहुतेक सगळी बुद्धाची. एकोणिसाव्या शतकात पुराणवस्तूवाले साहेब देशभर लेण्यांचे फोटो काढत हिंडले. त्यांची एक रीत होती. खांब किती उंच ते कळावं म्हणून खांबाशी एक माणूस उभा करायचा. ओझी वाहायला आणलेला नाहीतर जवळच्या गावातला. खांबाला नंबर आहे, लेण्याला नंबर आहे, माणसाला नाव नाही. असले फोटो बघताना मी आता खांब बघतच नाही.

तर, चोख फोकस म्हणजे मान आणि धूसर म्हणजे अपमान, असं सरळ गणित नाही. नमुन्याला चोख ठेवून मारलं आणि आजीला धूसर ठेवून. आधारकार्डाचा फोटोही सपाट उजेडातला. आत्या पोलिसठाणं म्हणाली ते उगीच नाही.

आता रसायनाचं सांगतो. जुन्या काचांना निळा उजेड जास्त कळायचा, लाल कळायचाच नाही. आपली सावळी-काळी कातडी परतवते तो उजेड तांबूस बाजूचा. म्हणजे काच आपल्याकडं बघायची ती आंधळी होऊन. होतो त्यापेक्षा काळे यायचो, कपाळावरचं कुंकू तर डांबराचा ठिपका. सगळे रंग कळणारी काच विलायतेत १९०६ ला विकायला आली, पण गावोगावच्या स्टुडिओंनी जुना माल पुढं कितीतरी वर्षं वापरला. त्यावर उपाय काय? तोंडाला पावडर. मग निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं घासायचं, जिथं शिसं लागलं तिथं छापल्यावर गोरं. ह्याला टचिंग म्हणत. काका म्हणाले, "लग्नाच्या मुलीचा फोटो टचिंगशिवाय कुणी घेतच नसे." नारायणगाव तमाशाचं गाव. तिथं सफेदा लावून तोंड पांढरं करायचं कारण गॅसबत्ती. बत्तीच्या उजेडात लांबून काळा चेहरा दिसत नाही. विठाबाई नारायणगावकर, भाऊ मांगाची लेक, त्या उजेडात अख्ख्या महाराष्ट्रानं बघितली. १९५७ ला आणि १९९० ला राष्ट्रपतींच्या हातून तिचा सन्मान झाला. २००२ ला गेली. तिकीट काढलेल्या माणसाला आमच्या बाईचं तोंड बघायचं होतं, तेव्हा उजेडाची सोय बरोबर झाली.

हे आपल्याकडंच आहे असं नाही. कोडॅक कंपनी रंगीत छपाई जुळवायला गोऱ्या बाईचा फोटो दुकानांना पाठवायची, त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिची कातडी बरोबर आली की मशीन बरोबर. काळ्यांच्या मुलांचे चेहरे शाळेच्या फोटोत बुजायचे तेव्हा कुणी हललं नाही. १९७० च्या दशकात चॉकलेटवाले आणि फर्निचरवाले तक्रार घेऊन गेले, की आमचे तपकिरी रंग नीट येत नाहीत. मग फिल्म सुधारायला लागली. चॉकलेटसाठी! दक्षिण आफ्रिकेत काळ्यांना जो पास जवळ ठेवावा लागायचा, त्याचे फोटो पोलरॉईडच्या कॅमेऱ्यानं काढत. त्याला मागं एक बटण होतं, दाबलं की फ्लॅश जास्त पडतो. म्हणजे काळा चेहरा नीट काढायचं तंत्र नव्हतं असं नाही. पकडायचं असलं की तंत्र सापडतं. कॅरोलाइन हंटर आणि केन विल्यम्स हे त्याच कंपनीतले काळे कामगार १९७० ला ह्याविरुद्ध उभे राहिले, अन् १९७७ ला कंपनीला तिथून निघावं लागलं. कामगार होते म्हणून मला त्यांचं जास्त वाटतं.

आणि फ्रेडरिक डग्लस. गुलामीतून पळालेला माणूस. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सगळ्यात जास्त फोटो त्याचे, १६० च्या आसपास, लिंकनपेक्षा जास्त. तो फोटोत हसत नसे. हसरा गुलाम गोऱ्यांनी चित्रांत भरपूर रंगवला होता, त्याला तो व्हायचं नव्हतं. १८६१ ला त्यानं चित्रांवर भाषणच दिलं. जोतीबांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. त्याच वर्षी सत्यशोधक समाज निघाला आणि आमच्या ओतूरपर्यंत पोचला. १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली, तिचं नावही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून. हा धागा जुना आहे, फोटोच्या बाजूनं तो कुणी ओढला नाही एवढंच.

बाबासाहेबांचे फोटो ह्या नजरेनं पुन्हा बघा. सूट, टाय, चष्मा. चष्म्याच्या माणसाचा फोटो अवघड असतो, दिवा थोडा खाली आला तरी काचा चमकतात आणि डोळे जातात. दिवा वर घ्यावा लागतो, मान किंचित खाली. म्हणजे फोटोवाल्याला त्या माणसापाशी जाऊन मेहनत करावी लागते. बाबासाहेबांच्या चांगल्या फोटोंत डोळे दिसतात. कुणीतरी मेहनत केली. १९३४ च्या फेब्रुवारीतला राजगृहातला कुटुंबाचा फोटो आहे, त्यात रमाई आहे. पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ ला, ती गेली. आमच्या बायकांच्या फोटोंचा दुष्काळ किती, तर रमाईचे फोटो बोटांवर मोजावेत.

काकांनी मला काळा चेहरा कसा काढायचा तेही दाखवलं. त्यांना ते उशिरा कळलं म्हणाले. उजेड जास्त मारून काळा चेहरा उजळत नाही, सपाट होतो. मोठ्या खिडकीशी बसवायचं, एका बाजूनं उजेड घ्यायचा. कातडीला जी चकाकी येते, गालाच्या हाडावर, कपाळावर, तिनं चेहरा उभा राहतो. दुसऱ्या बाजूला पांढरं धोतर धरायचं. मागं गडद ठेवायचं. अन् माप चेहऱ्याचं घ्यायचं. "शर्ट पांढरा झाला तर होऊ दे. शर्टाला काय बघायचंय."

मी एका सुट्टीला आत्याला घेऊन लेण्याद्रीला गेलो. तीनशेच्या आसपास पायऱ्या, ती चारदा बसली. वर एका विहाराच्या दारात तिला बसवलं. आत अंधार, बाहेरून उजेड, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेला स्टुडिओच. मोबाइलवर तिच्या गालावर बोट ठेवलं, उजेड थोडा खाली ओढला, फोटो घेतला. आत्या माझ्यापेक्षा काळी आहे. फोटो बघून म्हणाली, "अय्या, मी आईसारखी दिसती का रं?" मला काय माहीत. आजी तरुणपणी कशी दिसायची ते आम्हाला त्या फोटोतून कधी कळलंच नाही. तिचं माहेर धरणाच्या पाण्यात गेलं. घोड नदीवर डिंभ्याचं धरण झालं, ज्याच्या नावानं तालुका तो आंबेगाव गावच पाण्याखाली गेला, आजीची वाडीही गेली. तिथल्या घरातही तिचा फोटो नव्हताच.

जलदान विधीच्या चार दिवस आधी चुलतभावानं मोबाइलमधल्या नव्या यंत्रबुद्धीला तो जुना फोटो दिला. मिनिटात आजी चोख झाली. गोरी, डोळे टपोरे, दात सरळ. घरात सगळे बघायला जमले. आत्यानं मोबाइल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "ही कोण?" म्हणाली. यंत्रानं उजेड शोधला नव्हता, कुठल्यातरी हजार बायकांचे डोळे जमवून आजीला लावले होते. छापलेल्या कागदावर तिथं काहीच नव्हतं, मग ते शोधणार कुठून?

भावाचं म्हणणं वेगळं होतं. लोक येतील, काळा डाग लावणार का भिंतीवर? आमची वादावादी झाली, मोठ्यानं. त्याचंही खोटं नाही. आयुष्यभर मागं उभी राहिलेली बाई मेल्यावर तरी स्वच्छ दिसावी, हे वाटणं चूक कसं म्हणू? शेवटी आत्यानं ठरवलं. आहे तो फोटो, न कापता, आज्यासकट, फक्त मोठा करून लावला. मोठा केल्यावर खुर्चीच्या पाठीवरचा आजीचा हात नीट दिसायला लागला. तो हात आज्याच्या खांद्याच्या रेघेत होता, म्हणून वितीत सापडला होता. बांगड्या मोजता येतात. डाव्या हाताचं करंगळीचं बोट वाकडं आहे, विळ्यानं कापलेलं. आम्ही सगळ्यांनी ते बोट आयुष्यभर बघितलेलं. विधीला आलेल्या बायका फोटोसमोर फूल ठेवताना त्या बोटाकडं बघत होत्या.

निगेटिव्ह कुठं असेल, हे मी अजून शोधतोय. तो स्टुडिओ राहिला नाही. काका म्हणतात, जुन्या काचा गरम पाण्यात घालून, खरवडून, तसबिरींना बसवायला विकून टाकायचे. त्यांनी स्वतः विकल्यात. म्हणजे आजीचा चेहरा धुऊन ती काच कुणाच्या तरी भिंतीवर देवाच्या फोटोपुढं बसली असेल. पण फिल्म असेल तर कुठं तरी डब्यात पडलेली असू शकते. जुन्नर, घोडेगाव, मंचर, नारायणगाव, ओतूर इकडच्या मित्रांनी आपापल्या घरातले १९८० च्या आधीचे स्टुडिओतले फोटो काढून बघावेत. मागचा शिक्का शाबूत असेल तर जपावा. मागं उभ्या असलेल्या बाईचं नाव पेन्सिलीनं, हलक्या हातानं, पाठीमागं लिहून ठेवावं. दुकानात कापू देऊ नये. बघायला बोलावलंत तर मी येईन. माझी सुट्टी गुरुवारी असते.